पंतातली चौकशी: इ.स. ११२ मध्ये ख्रिस्ती कोण, हे रोमन सुभेदाराने कसं ठरवलं

इ.स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर एका रोमन सुभेदारापुढे काही माणसं आणून उभी केली गेली. आरोप एकच: ही ख्रिस्ती आहेत. सुभेदार होता धाकटा प्लिनी. त्याने चौकशी सुरू केली, काहींना देहदंड दिला, काहींना सोडलं, आणि मग मध्येच काम थांबवून सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. ते पत्र आणि सम्राटाचं उत्तर दोन्ही आज वाचायला मिळतात. प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या भागात ती ९६ आणि ९७ क्रमांकांची आहेत. मंडळीबाहेरच्या (म्हणजे ख्रिस्ती समुदायाबाहेरच्या) माणसाने ख्रिस्ती उपासनेचं केलेलं याहून जुनं वर्णन आपल्याकडे नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती प्रसाराचा विचार करताना नजर बहुधा आत येणाऱ्यांवर असते: कोणी उपदेश केला, किती जणांचा बाप्तिस्मा झाला. या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची माहिती मात्र बाहेर पडलेल्यांनी दिलेली आहे. मंडळी वाढत होती आणि त्याच वेळी तिच्यातून माणसं गळतही होती. गळालेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न सुभेदारालाही पडला आणि पुढे मंडळीलाही. या चौकशीकडे त्या बाजूने पाहिलं की ती जास्त कळते.

प्रांत आणि सुभेदार

बिथुनिया आणि पंत हा जोडप्रांत आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात होता. पंत म्हणजे लॅटिनमधला पोंतुस. मराठी बायबलमध्ये तो ‘पंत’ असाच येतो, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे. निकोमेडिया (आजचं इझमित) आणि निकिया (आजचं इझनिक) ही पश्चिमेकडची मोठी शहरं. पूर्वेकडे किनाऱ्याने अमास्त्रिस, सिनोपे, अमिसुस ही बंदरं. पत्रांचा क्रम पाहिला तर ही चौकशी अमिसुस आणि अमास्त्रिस यांच्या दरम्यान कुठेतरी झाली असावी. गावाचं नाव प्लिनीने दिलेलं नाही.

ट्रेजनने प्लिनीला इथे पाठवलं ते मुख्यतः पैशाच्या गोंधळासाठी. निकोमेडियाने एका पाणीपुरवठ्याच्या कालव्यावर ३३,१८,००० सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च करून काम सोडून दिलं होतं आणि दुसऱ्यावर आणखी २,००,००० घातले होते. निकियाचं नाट्यगृह १ कोटीहून अधिक सेस्टर्स गिळून अर्धवटच होतं आणि खचत चाललं होतं. प्लिनी मुरलेला वकील, खजिन्याचा अनुभव असलेला, इ.स. १०० मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालेला. हिशेब तपासायला तो योग्य माणूस होता. ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांना मात्र आपण कधीच हजर नव्हतो, हे तो पत्राच्या सुरुवातीलाच सांगतो.

आणखी एक धागा लक्षात ठेवायला हवा. निकोमेडियात मोठी आग लागली, विझवायला बादल्या नव्हत्या, माणसं नव्हती. तेव्हा १५० जणांचं अग्निशमन पथक उभारायची परवानगी प्लिनीने मागितली. ट्रेजनने नकार दिला. या प्रांतात माणसं कोणत्याही कारणाने एकत्र आली, त्यांना काहीही नाव दिलं, तरी थोड्याच दिवसांत त्यांची राजकीय टोळी होते, असं त्याचं म्हणणं. साधनं आणून ठेवा आणि घरमालकांनाच वापरायला सांगा, असं त्याने कळवलं. अशा मंडळांना ‘हेतेरिया’ म्हणत, आणि प्लिनीने सम्राटाच्या आज्ञेवरून त्यांच्यावर बंदीचा हुकूम काढला होता. दीडशे आग विझवणाऱ्यांचीही ज्यांना धास्ती वाटत होती, त्यांना दर आठवड्याला जमणारी मंडळी कशी दिसली असेल हे यावरून समजतं.

आधीपासून काय होतं

पंतात ख्रिस्ती श्रद्धा कोणी नेली, याचं उत्तर एका नावात देता येत नाही. प्रेषित पौल आणि त्याचे सोबती बिथुनियात जाऊ पाहत होते, पण त्यांना जाऊ दिलं गेलं नाही, असं नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या १६व्या अध्यायात आहे. तरीही पेत्राचं पहिलं पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातला रोमन प्रांत) आणि बिथुनिया इथे पांगलेल्या विश्वासणाऱ्यांना उद्देशून आहे. म्हणजे कोणत्याही नामांकित प्रेषिताच्या नोंदवलेल्या फेरीशिवाय इथे मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या.

वाटा दोन दिसतात. पहिली यहूदी वस्तीची: बिथुनियात आणि पंताच्या पार कोपऱ्यापर्यंत यहूदी राहतात, असं अलेक्झांड्रियाचा यहूदी विचारवंत फिलो याने पहिल्या शतकातच लिहिलं होतं, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’प्रमाणे पेंटेकॉस्टच्या यहूदी सणाला यरुशलेमात जमलेल्यांमध्ये पंताचे लोक आहेत. दुसरी वाट समुद्राची आणि धंद्याची. पौलासोबत तंबूचं काम करणारा अक्विल्ला मूळचा पंतातला होता आणि रोम, करिंथ, इफिस असा फिरत होता. दुसऱ्या शतकात गाजलेला ख्रिस्ती धर्मशिक्षक मार्कियन सिनोपेचा, जहाजाचा धनी. हाताचं काम किंवा माल घेऊन बंदरोबंदरी जाणाऱ्या अशा माणसांसोबत श्रद्धाही जात होती.

चौकशीची रीत

रोमन राज्यात सरकारी फिर्यादी नसे. कोणीतरी खाजगी माणूस नाव घेऊन पुढे यायचा आणि आरोप करायचा. प्लिनीने शोधमोहीम काढली नव्हती, माणसं त्याच्यापुढे आणली गेली.

पहिल्या गटाला त्याने विचारलं, तुम्ही ख्रिस्ती आहात का? हो म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारलं, आणि दर वेळी देहदंडाची धमकी दिली. तरीही जे ठाम राहिले त्यांना शिक्षेसाठी नेण्याचा हुकूम दिला. कारण त्याच्याच शब्दांत असं: ते कबूल करतात ती गोष्ट कोणतीही असो, त्यांच्या हट्टाला आणि न वाकणाऱ्या ताठरपणाला शिक्षा व्हायलाच हवी. जे रोमन नागरिक होते त्यांची नावं रोमला पाठवायच्या यादीत टाकली.

इथे पहिली चूक झाली. गुन्हा नेमका कोणता हे न ठरवताच त्याने शिक्षा दिली होती. ख्रिस्ती हे नाव लावणं हाच गुन्हा, की त्या नावाला चिकटलेली म्हणून मानली गेलेली दुष्कृत्यं हा गुन्हा? हा प्रश्न तो सम्राटाला विचारतो, पण माणसं मारल्यानंतर. त्या मेलेल्यांची संख्या आणि नावं या पत्रव्यवहारात कुठेच नाहीत, ही गोष्ट वाचताना बोचत राहते.

दुसरी अडचण पहिलीतूनच निघाली. सुभेदार असे आरोप ऐकून घेतो आणि शिक्षाही देतो, हे कळताच आरोप वाढले आणि त्यांचे प्रकारही वाढले. कोणीतरी पुष्कळ नावांची एक निनावी यादी लावली. आता यादीतल्या प्रत्येकाला तपासायचं कसं? त्यासाठी प्लिनीने जी परीक्षा लावली तिचे तीन भाग होते. एक, तो सांगेल त्या शब्दांत देवांचं आवाहन करायचं. दोन, न्यायासनापुढे मुद्दाम आणवलेल्या ट्रेजनच्या पुतळ्यासमोर आणि देवांच्या मूर्तींसमोर धूप आणि मद्य अर्पण करायचं. तीन, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे. खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून यातलं एकही जबरदस्तीने करून घेता येत नाही, असं आपण ऐकलं आहे, असं तो लिहितो.

ही परीक्षा बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिले दोन भाग त्या काळातला कोणीही माणूस सहज करायचा, त्यातून तो फक्त शेजाऱ्यांसारखाच आहे एवढं कळतं. तिसरा भाग मात्र नेमका ख्रिस्ताशी असलेल्या नात्यावर बोट ठेवतो. म्हणजे ख्रिस्ती असणं हे जन्मावर, कुळावर किंवा गावावर ठरत नाही, ते एका व्यक्तीवरच्या निष्ठेवर ठरतं, एवढं त्या चौकशीला पक्कं ठाऊक होतं. इतर पूजांमध्ये नव्या देवाची भर घातली तरी जुने देव सोडावे लागत नसत. इथे सोडावे लागत, आणि म्हणूनच सोडलं की नाही याची परीक्षा घेता येत होती.

सोडून गेलेल्यांची जबानी

यादीतल्या काहींनी आधी ख्रिस्ती असल्याचं कबूल केलं आणि लगेच नाकारलं. आम्ही होतो, पण सोडलं, असं त्यांचं म्हणणं. कोणी तीन वर्षांपूर्वी सोडलेलं, कोणी त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी, काही तर वीसएक वर्षांपूर्वी. हा एक आकडा पुष्कळ सांगतो. वीस वर्षं मागे गेलं की आपण इ.स. ९० च्या आसपास, सम्राट डोमिशियनच्या काळात पोहोचतो. तेव्हा पंतात मंडळी होती, माणसं तिच्यात आली होती आणि त्यातली काही तेव्हाच बाहेरही पडली होती.

या सर्वांनी तिन्ही परीक्षा दिल्या. त्यांनी मंडळीबद्दल जे सांगितलं ते असं. एका ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमायचं. ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं. शपथेने स्वतःला बांधून घ्यायचं. मात्र ती शपथ कोणत्या गुन्ह्यासाठी नसायची, तर चोरी, लूटमार, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि कोणी आपल्याकडे ठेवलेली ठेव मागितली तर नाकारणार नाही, यासाठी असायची. मग घरी जायचं आणि पुन्हा जेवायला एकत्र यायचं. जेवण साधं आणि निरुपद्रवी. हेतेरियांवरच्या बंदीचा हुकूम निघाल्यावर हे जेवण त्यांनी बंद केलं होतं.

‘निरुपद्रवी’ हा शब्द पत्रात का आला असावा हे सहज ध्यानात येतं. बंद दाराआड जमणारे लोक लहान मुलं मारून खातात अशा अफवा ख्रिस्ती लोकांबद्दल पसरत. जबानी देणारे त्या अफवेला उत्तर देत होते.

प्रसाराच्या दृष्टीने या जबानीतले दोन तपशील फार मोलाचे वाटतात. एक, पहाटेची वेळ. रविवार हा सुट्टीचा दिवस झाला तो सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या इ.स. ३२१ च्या हुकुमानंतर. त्याआधी गुलाम, मजूर, गोदीतले हमाल यांना उपासनेसाठी कामाआधीची आणि कामानंतरची वेळ तेवढी मोकळी होती. पहाटे आणि मग जेवणाला, अशी दोनदा जमायची रीत अशा माणसांना सोयीची होती. दुसरा तपशील ठेवीचा. सामान्य माणसाची शिल्लक बहुधा ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली असायची. प्रवासाला निघालेला व्यापारी पैसे किंवा माल कोणाकडे तरी सोपवून जायचा, आणि ठेव बुडवणं ही कायम डोकं वर काढणारी तक्रार होती. जिथे ठेव परत करण्याची शपथ घेतली जाते असा गट बंदरागणिक सापडत असेल, तर फिरत्या माणसाला तो किती उपयोगी पडत असेल! पत्र एवढं सांगत नाही, हा आमचा निष्कर्ष. पण शपथेतल्या पाच गोष्टींपैकी दोन थेट विश्वासाने चालणाऱ्या व्यवहाराबद्दल आहेत, हे तर समोरच आहे.

शपथेसाठी प्लिनीने वापरलेला शब्द ‘साक्रामेंतुम’. रोमन सैनिकाच्या शपथेलाही हाच शब्द होता. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक घरांत आजही ऐकू येणारा ‘साक्रामेंत’ त्याच शब्दाचा वंशज, पोर्तुगीजांबरोबर आलेला. ही पहाटेची शपथ म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं होती की दहा आज्ञांचं उच्चारण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

जबानी खरी की सारवासारव, हे पडताळण्यासाठी प्लिनीने दोन दासींना छळून विचारलं. गुलामाची साक्ष छळ करून घ्यावी, हीच रोमन रीत होती. मंडळीत या दासींना ‘मिनिस्त्राए’ म्हणत, असं तो लिहितो. हा ग्रीकमधल्या ‘दियाकोनोस’चा लॅटिन अनुवाद असावा. नव्या करारात किंख्रियाच्या फिबी या स्त्रीला तोच ग्रीक शब्द लावला आहे आणि मराठी बायबल तिला मंडळीची ‘सेविका’ म्हणतं. म्हणजे कायद्याने ज्यांची साक्ष छळाशिवाय धरली जात नव्हती, त्या बायकांकडे मंडळीत पद होतं. प्लिनीला त्यांच्याकडून विकृत आणि बेसुमार अंधश्रद्धेशिवाय काही मिळालं नाही. गुन्हा मिळाला नाही. इथेच त्याने चौकशी थांबवली आणि सम्राटाला लिहिलं.

देवळं, बळी आणि मांस

पत्राच्या शेवटी प्लिनी चित्र मांडतो. सर्व वयांचे, सर्व दर्जांचे, स्त्रिया आणि पुरुष यात ओढले जात आहेत. ही लागण शहरांपुरती नाही, गावांत आणि शेतशिवारातही पोहोचली आहे. पण आवर घालता येईल: जवळजवळ ओस पडलेल्या देवळांत पुन्हा वर्दळ सुरू झाली आहे, खंडित झालेले विधी पुन्हा होऊ लागले आहेत, आणि बळींचं मांस, ज्याला गिऱ्हाईक जेमतेमच मिळत होतं, ते आता सगळीकडे विकलं जात आहे.

मांसाचा उल्लेख क्षुल्लक वाटेल, पण तो या प्रकरणाच्या मुळाशी असू शकतो. बळी दिलेल्या जनावराचा काही भाग देवाला, काही पुजाऱ्यांना, उरलेलं मांस बाजारात. बळी कमी झाले की पशुपालक, खाटीक, पुजारी, धूप विकणारे अशा सगळ्यांच्या मिळकतीला धक्का. इफिसात देवीचे चांदीचे देव्हारे बनवणाऱ्या देमेत्रियाने पौलाविरुद्ध कारागिरांना उठवलं ते धंदा बुडेल या भीतीने. पंतातल्या फिर्यादी अशाच कोणाकडून आल्या असाव्यात, हा तर्क पटण्याजोगा आहे. फिर्यादींची नावं पत्रात नसल्याने तो तर्कच राहतो. शिवाय मूर्तीला दाखवलेलं मांस खावं की नाही, यावर मंडळ्यांचंही एकमत नव्हतं. बाजारात जे विकलं जातं ते चौकशी न करता खा, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं होतं. पंतातले ख्रिस्ती बहुधा याहून कडक असावेत.

ट्रेजनचं उत्तर

उत्तर अगदी छोटं आहे. तुझी रीत बरोबर. सगळीकडे लागू होईल असा एकच ठराविक नियम घालून देता येणार नाही. त्यांना शोधून काढू नये. कोणी आणून उभं केलं आणि आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करावी. पण ख्रिस्ती असल्याचं नाकारून आपल्या देवांची पूजा करून दाखवली, तर पूर्वीबद्दल संशय असला तरी पश्चात्तापाबद्दल क्षमा. निनावी याद्यांना कोणत्याही आरोपात जागा देऊ नये. तो वाईट पायंडा आहे आणि आपल्या काळाला शोभणारा नाही.

यातली विसंगती टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. १९७ च्या सुमारास नेमकी पकडली: निरपराध म्हणून शोधू नका म्हणता आणि अपराधी म्हणून शिक्षा करा म्हणता. पण व्यवहारात या विसंगतीनेच मंडळीला श्वास घेऊ दिला. शेजाऱ्यांशी बरं असेल तर वर्षानुवर्षं निभायचं. वितुष्ट आलं, दुष्काळ पडला, भूकंप झाला की कोणीतरी फिर्याद घेऊन उभा राहायचा. म्हणून दुसऱ्या शतकातले छळ तुकड्यातुकड्यांचे आणि स्थानिक आहेत. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने प्रत्येकाला बळी देऊन तसा दाखला घ्यायला लावलं, तेव्हा चित्र पालटलं. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत.

वाचताना कुठे घसरायला होतं

सगळ्यांत मोठी घसरण संख्येत होते. ‘ओस पडलेली देवळं’ हे शब्द घेऊन निम्मा प्रांत ख्रिस्ती झाला होता असं मांडलं जातं. प्लिनीने एकही आकडा दिलेला नाही. शिवाय आपण वेळेवर पावलं उचलली आणि बिघडलेलं सुधारतंय, हे दाखवण्यात त्याचा फायदा होता. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांचा हिशेब इथे उपयोगी पडतो. इ.स. ४० मध्ये १,००० ख्रिस्ती धरले आणि दर दशकात ४० टक्के वाढ धरली, तर इ.स. १०० मध्ये सगळ्या साम्राज्यात साडेसात हजार होतात आणि इ.स. ३०० मध्ये सुमारे ६३ लाख. हे गृहीतकावर उभं गणित आहे, शिरगणती नव्हे. पण सावकाश वाढीनेही एवढी मजल गाठता येते, आणि ट्रेजनच्या काळात एखाद्या किनारी गावातले शे-दोनशे लोकही सुभेदाराला ‘पुष्कळ’ वाटू शकतात, हे त्यातून दिसतं.

दुसरी घसरण म्हणजे ट्रेजनचं उत्तर सगळ्या साम्राज्याचा कायदा समजणं. ते एका सुभेदाराला दिलेलं उत्तर होतं. पुढे ते दाखला म्हणून वापरलं गेलं आणि ट्रेजननंतरचा सम्राट हेड्रियन याने आसियाच्या सुभेदाराला तशाच धर्तीवर लिहिलं, पण सुभेदारागणिक वागणूक बदलत राहिली. तिसरी गोष्ट हस्तलिखिताची: संग्रहाचा दहावा भाग एकाच जुन्या प्रतीवरून १६व्या शतकाच्या सुरुवातीला छापला गेला आणि ती प्रत नंतर हरवली. त्यामुळे हे पत्र बनावट असल्याची शंका अधूनमधून काढली जाते. टर्टुलियनने ते वाचून त्यातला मजकूर सांगितला आहे आणि भाषा पूर्णपणे प्लिनीची आहे, म्हणून ती शंका टिकत नाही.

पंतात पुढे काय झालं

प्लिनीला वाटलं तसा आवर बसला नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर उपहासकार लुशियनने रंगवलेला अबोनोतिकसचा अलेक्झांडर, सापाच्या रूपातल्या देवाचा कौल लावणारा, पंत नास्तिकांनी आणि ख्रिस्ती लोकांनी भरला आहे अशी ओरड करतो. मार्कियन इ.स. १४० च्या सुमारास रोमला गेला, तिथल्या मंडळीला त्याने २,००,००० सेस्टर्स दिले, आणि त्याची शिकवण अमान्य ठरल्यावर ते त्याला परत मिळाले. इ.स. ३२५ ची बिशपांची मोठी परिषद भरली ती याच प्रांताच्या जुन्या शहरात, निकियात.

गळालेल्यांचा प्रश्नही पुन्हा वर आला, आणि तोही प्लिनीच्या मार्गावरच्याच एका गावात. इ.स. १७० च्या सुमारास करिंथचा बिशप डायोनिसियसने अमास्त्रिसच्या आणि पंतातल्या मंडळ्यांना पत्र लिहिलं. तिथला बिशप पाल्मास याचं नाव त्यात होतं, असं मंडळीचा इतिहासकार युसीबिअस नोंदवतो. विवाह आणि ब्रह्मचर्य यांबद्दल लिहून झाल्यावर डायोनिसियस सांगतो: जे कोणत्याही पतनानंतर, मग ते गैरवर्तन असो की भलत्या शिकवणीची भूल, परत येतील त्यांना सामावून घ्या. प्लिनीने ट्रेजनला विचारलं होतं, पश्चात्तापाला जागा ठेवायची का? त्याचा लॅटिन शब्द होता ‘पेनितेंशिया’. सुभेदाराच्या पत्रात त्याचा अर्थ ख्रिस्ताला सोडून देवळात परतणं असा होता. पुढच्या शंभर वर्षांत लॅटिन मंडळीने तोच शब्द उलट दिशेने परत येणाऱ्यांसाठी रूढ केला.